डोकं घडवणारा कुंभार

घटस्थापना तोंडावर आली की करमाळ्याच्या बाजारात मडक्यांचे ढीग लागतात. पत्रावळी, परड्या, नऊ धान्यांच्या पुड्या आणि त्यांच्या शेजारी लाल घटांच्या उतरंडी. ज्या गावांत भादवी पोळा असतो, त्यांच्यासाठी मातीचे बैलही याच दिवसांत विकायला येतात. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला असलेल्या या गावाचं सगळं लक्ष तेव्हा पूर्वेकडच्या माळाकडे लागलेलं असतं. त्या वस्तीचं नावच श्री देवीचा माळ. निजामाच्या सेवेतले सरदार राव रंभा निंबाळकर यांनी अठराव्या शतकात तिथे कमलाभवानीचं देऊळ बांधलं. तुळजापूरच्या भवानीचंच हे रूप, असं इथली माणसं मानतात. देवळाची गोपुरं दक्षिणी वळणाची आहेत, आवारात उंच दीपमाळा आहेत, आणि 96 हा आकडा इथे सारखा भेटतो. खांब 96, बारवेच्या पायऱ्याही 96.

मी आधी देवीचं दर्शन घेतलं आणि मग कुंभारांच्या घरांकडे वळले. खरं काम तिथे होतं. गेली काही वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या प्राचीन मातीच्या मूर्तींनी मला धरून ठेवलं आहे. नायजेरियातल्या नोक संस्कृतीच्या, मालीतल्या जेन्ने-जेनोच्या, योरुबा लोकांच्या इफे नगरीतल्या. त्यांच्यावरचं लिखाण वाचताना सतत वाटायचं की ही मूर्ती हातात धरून बघणारा कुंभार काय म्हणेल? विद्वानांचं म्हणणं बरंचसं छापून आलेलं आहे. कुंभाराचं ऐकायचं होतं. म्हणून नोकच्या काही मूर्तींची मोठी छापील चित्रं मी बरोबर घेतली होती.

नोक हे मध्य नायजेरियातलं एक छोटं गाव. तिथल्या जोस पठारावर कथिलाच्या खाणी आहेत. 1928 साली खाणीतल्या गाळात एका माकडाचं मातीचं डोकं सापडलं. 1943 मध्ये त्याच भागात माणसाचं एक डोकं मिळालं. ते पुरातत्त्वज्ञ बर्नार्ड फॅग यांच्यापर्यंत पोहोचलं, त्याआधी जवळजवळ वर्षभर एका कंदांच्या शेतात बुजगावण्याच्या खांद्यावर बसलेलं होतं. फॅग यांनी ओळखलं की ही एकटीदुकटी वस्तू नाही, मागे एक अख्खी संस्कृती आहे. पुढे फ्रँकफर्टच्या गोएथे विद्यापीठाच्या पथकाने 2005 पासून तिथे खणून नोकचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1500 पर्यंत मागे नेला. मूर्तींची भर त्यानंतर काही शतकांनी येते. याच लोकांनी लोखंडही गाळलं.

या मूर्तींचं पहिलं लक्षण म्हणजे डोकं. जिवंत माणसाची उंची साधारण सात-साडेसात डोक्यांइतकी भरते, नोकच्या मूर्तीत ती तीन-चार डोक्यांतच संपते. डोळे मोठे, त्रिकोणी किंवा अर्धगोल, आणि बुबुळाच्या जागी आरपार भोक. केसांच्या गाठी, वेण्या, बुचडे इतक्या निगुतीने कोरलेले की त्यावरून नवी केशरचना शिकावी. गळ्यात मण्यांच्या माळांवर माळा. शरीर मात्र उरकल्यासारखं.

कुंभारांपैकी एका घराच्या अंगणात एक मावशी बैलांना शिंगं लावत बसल्या होत्या. आत त्यांचे मालक चाकावर घट काढत होते. मी चित्र पुढे केलं. मावशींनी हात धुतले, पदराला पुसले, आणि चित्र उन्हात धरलं.

"डोकं लई मोठं घेतलंय," त्या म्हणाल्या. "आन् डोळ्याला भोकं पाडल्यात ती बरं केलं. न्हाईतर आव्यात फुटलं असतं."

"म्हणजे?"

"अवो ताई, एवढं मोठं डोकं आतून पोकळ करावं लागतंय. आतली वाफ जायाची कुठनं? वाट ठेवली न्हाई की तडकलंच. डोळे, नाक, तोंड, समद्याला भोकं हायेत बघा की. जाणत्या बाईचं काम हाय हे."

त्यांनी 'बाईचं' का म्हटलं, हे मी विचारलं. वेण्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "येवढ्या येण्या गडी घालतोय व्हय?"

भोकांचं हेच कारण अभ्यासकही देतात. पण त्यांना ते अभ्यास करून ठरवावं लागलं, मावशींना ते बोटांनी कळलं. आणि बाईबद्दलचा त्यांचा अंदाज तर पुढे फार दूर नेणारा आहे. नोकच्या मूर्ती कुणी घडवल्या हे सांगणारी लिपी त्या लोकांपाशी नव्हती, पण त्या मुलखात आजही भांडी घडवतात त्या मुख्यतः बायकाच. त्या चाक वापरत नाहीत. मातीच्या वळकट्या एकावर एक चढवून, हाताने थापत, स्वतःच भांड्याभोवती फिरत घडवत जातात. नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला एक कुंभारीण आहे, लादी क्वाली. भल्या मोठ्या घड्यापाशी उभी राहून काम करणारी. एखाद्या देशाने आपल्या नोटेवर कुंभारणीला बसवलं आहे, हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी आत हाक मारून मालकांना ते पुन्हा सांगायला लावलं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत आहे. माती चाळणं, लीद आणि राख कालवून ती मळणं, बैल-बाहुल्या करणं, रंगवणं, बाजारात नेऊन विकणं, हे सगळं बाईचं. चाक तेवढं पुरुषाचं. म्हणजे चाकाशिवाय जे जे घडतं, मूर्ती धरून, ते इथेही तिच्याच हातचं.

मालक बाहेर आले ते हातात ओला घट घेऊन. चाकावरून उतरवलेल्या मडक्याचा तळ तेव्हा उघडाच असतो. मडकं थोडं सुकलं की आतून दगडी गोटा धरायचा, बाहेरून लाकडी थापटणं मारत मारत माती पसरवायची आणि तळ मिटवायचा. थप-थप-थप असा एकसुरी आवाज. मध्येच तो बदलला की त्यांचा हात थांबतो, अंगठ्याने ती जागा चाचपली जाते, आणि थापटणं पुन्हा सुरू. डोळे आमच्याकडे होते, काम सगळं कानाने चाललं होतं.

घट किती भाजायचा याचं त्यांचं गणित ऐकण्यासारखं आहे. रांजण खणखणीत भाजायचा, घट मात्र जरा हलका. कारण घटाभोवती पत्रावळीवर शेतातली माती पसरतात, तीत धान्य पेरतात, आणि घटातलं पाणी पाझरून त्या धान्याला ओल मिळायला हवी. "पाझरला न्हाई तर उगवंल कसं?" ते म्हणाले. आणि बैल? बैल तर भाजतच नाहीत. पुजायचे आणि पाण्यात सोडायचे. देवाला चढती भाजणी लागत नाही, हे त्यांच्या बोलण्यात इतकं सहज होतं की त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंही नाही. मला मात्र इथे एक धागा सापडला, आणि पुढचा सगळा प्रवास मी तो धरून केला.

तो धागा आधी भीमेच्या पाण्यावर मागे जातो. करमाळा तालुक्याच्या कडेने उजनीचा जलाशय पसरला आहे. त्याच्या वरच्या अंगाला भीमेला घोड नदी मिळते, आणि घोडेच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे खणलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्यांचं हे गाव. एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लंबगोल पेटी निघाली. पेटीच्या आत एक स्त्रीमूर्ती होती, डोकं असलेली. पेटीच्या वर दुसरी स्त्रीमूर्ती, तिला डोकं नव्हतं, आणि एक बैल. शिरहीन मूर्तीच्या पोटाला भोक होतं, बैलाच्या पाठीवरही तसंच. दोन्हीत काडी बसवली की देवी बैलावर स्वार होते. काळ इसवी सनापूर्वी 1300 च्या आसपासचा. उत्खननकर्त्यांनी या देवीचा संबंध संततीशी आणि लेकरांच्या रक्षणाशी लावला. त्याच गावात मेलेली लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांच्या आत निजवून, घरातच पुरलेली आहेत. आईच्या पोटातून आलेलं लेकरू पुन्हा मडक्याच्या पोटात गेलं. घर सोडून लांब नेलं नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे पेटीतल्या आणि पेटीवरच्या त्या मूर्ती कच्च्या मातीच्या होत्या. इनामगावच्या लोकांना भट्टी येत नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही, त्यांची जोर्वे पद्धतीची लाल भांडी नाण्यासारखी वाजतात. भाजायचं नाही हे त्यांनी ठरवून केलं होतं. करमाळ्याच्या अंगणात सुकत ठेवलेल्या बैलांसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परांड्याच्या रस्त्याने बार्शीकडे निघाले. परांड्याचा किल्ला आणि त्याच्यावरच्या तोफा वाटेत आहेत. ज्यांना किल्ल्यांची आवड आहे त्यांनी अर्धा दिवस राखून ठेवावा. मी किल्ल्यावर थांबले नाही, पण परांड्याच्या अलीकडे एका बाजरीच्या शेतापाशी गाडी थांबवायला लावली. कणसं भरली होती आणि मधोमध बुजगावणं उभं होतं. अंगात फाटका सदरा आणि डोकं म्हणजे पालथं मडकं, त्यावर चुन्याने डोळे आणि मिशा. असली मडकी लहानपणापासून पाहिलेली, पण नोकचं ते डोकं वर्षभर शेतात उभं होतं हे ठाऊक झाल्यावर या मडक्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. ज्या माणसाने ते डोकं बुजगावण्यावर ठेवलं त्याची पुष्कळ ठिकाणी कीव केलेली वाचली आहे, मला ती रुचत नाही. डोकं कुठे ठेवायचं हे त्याला बरोबर समजलं होतं. राखणीला ठेवलं होतं.

बार्शीत भगवंताचं दर्शन घेऊन तेरला पोहोचले तेव्हा दुपार टळली होती. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या जोडीने तगरचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. तेरणा नदीच्या काठाने पांढरीची टेकाडं आहेत, आणि पावसाळ्यात ती वाहून निघाली की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचून जपायला घेतल्या, सगळं आयुष्य त्यात घातलं, आणि त्या संग्रहातून आजचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं, नंतरही अनेकदा झालं. पण तेर म्हटलं की मला आधी लामतुरे आठवतात. एका गावच्या माणसाने आपल्या पायाखालची माती ओळखली, एवढं महाराष्ट्रातल्या किती गावांना लाभलं?

संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मूर्ती बहुतेक पांढुरक्या केओलिन मातीच्या आहेत. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन्ही जोडून मध्ये पोकळ ठेवलेली मूर्ती. चेहरे गोल, कानात जड कुंडलं, केसांचा भांग आणि त्यावरचे दागिने रेखीव. नोकच्या केशरचना पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटावं इतकं केसांचं कौतुक. पण याच मूर्तींच्या शेजारी लज्जागौरी आहे. गुडघे वर घेऊन पाय फाकवलेली, प्रसूतीच्या किंवा समागमाच्या स्थितीतली देवी. अशा मूर्तींना पुष्कळदा डोकं नसतं, त्या जागी उमललेलं कमळ असतं. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात तिचं नातं रेणुकेशी, वारुळाशी, घटाशी, एकूण भूमीशी लावून दाखवलं आहे. भूमीला चेहरा कशाला हवा? तिचं देणं सगळं पोटाचं आहे. इनामगावच्या शिरहीन देवीपासून ही रेघ सरळ चालत येते, आणि ती कमलाभवानीच्या माळावर बसणाऱ्या घटापर्यंत पोहोचते असं मला वाटतं. घट म्हणजे डोकं नसलेली देवीच, गळा आणि पोट. वर नारळ ठेवतो तेव्हा कुठे तिला डोकं येतं.

म्हणजे तिकडे डोकं एवढं वाढवलं की शरीर पुसट झालं, आणि इकडे शरीर एवढं पूज्य केलं की डोकं उतरवून ठेवलं. हे मांडताना मला स्वतःलाच अडवायला हवं, कारण माहूरची रेणुका आहे. तिथे पूजा होते ती फक्त मुखाची. परशुरामाने आईचं शिर उडवल्याची कथा डोकं आणि धड वेगळी करते, आणि आम्ही दोन्ही पुजतो. महालक्ष्म्यांच्या सणाला मुखवटे येतात ते घरात वाजतगाजत. तेव्हा दोन प्रदेशांमध्ये सरळ रेघ ओढता येणार नाही. पण पश्चिम आफ्रिकेत डोक्याला जे वजन आहे ते आपल्याकडे कुठल्या देवीत सापडत नाही. ते सापडतं एका माणसाच्या कथेत, आणि तो माणूस तेरचाच.

योरुबा लोकांचं म्हणणं असं की ओबाताला हा देव मातीचं शरीर घडवतो, पण डोकं घडवणारा वेगळा आहे. त्याचं नाव अजाला, स्वर्गातला कुंभार. पृथ्वीवर जन्माला येण्याआधी प्रत्येकाने त्याच्या घरी जाऊन आपलं डोकं निवडायचं. हे आतलं डोकं, म्हणजे माणसाचं दैव. अजाला कसबी आहे, पण बेभरवशाचा आहे. त्याच्याकडची काही डोकी नीट भाजलेली, काही अर्धीकच्ची, आणि बाहेरून सगळी सारखीच देखणी. कच्चं डोकं घेऊन निघालेल्याला वाटेत पाऊस गाठतो, डोकं झिजतं, आणि पृथ्वीवर आल्यावर त्याचे कष्ट ती झीज भरून काढण्यातच जातात. इफेमध्ये बाराव्या ते पंधराव्या शतकांच्या सुमारास मातीची आणि धातूची जी शांत, राजस मस्तकं घडली, ती ज्या लोकांची त्यांच्याकडे डोक्याबद्दलची ही समजूत आजही जिवंत आहे.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांची समाधी इथेच आहे. माती तुडवताना भजनात रंगलेल्या गोरोबांच्या पायाखाली पोटचं लेकरू आलं, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला इथे हवी होती ती दुसरी. संतांचा मेळा जमला होता. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आम्हीही मडकीच, आमची पारख करा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि हे मडकं कच्चं आहे असा निवाडा झाला. करमाळ्याच्या अंगणातली थप-थप ऐकून आल्यावर ही कथा मला अगदी कारागिरीची वाटली. आवाज बदलला की हात थांबतो.

देवाची मूर्ती कच्ची चालते, नव्हे तशीच हवी, कारण ती मातीत परत जायची आहे. माणसाचं डोकं मात्र भाजलेलं हवं. डोक्याची ही अट योरुबा कथेत आहे आणि गोरोबांच्या कथेतही आहे, आणि दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध आलेला नाही. माती हाताळणाऱ्या माणसांनी दोन्हीकडे आपल्या धंद्यातूनच माणसाविषयीचा विचार काढला, असं मी समजते.

हा अर्थ लागतो तो मूर्ती जिथे होती तिथेच सापडली तर. जेन्ने-जेनोत 1977 पासून रॉडरिक आणि सुझन मॅकिंटॉश यांनी शास्त्रशुद्ध खणलं, तेव्हा मूर्ती घरांच्या भिंतींत बसवलेल्या आणि जमिनीखाली पुरलेल्या मिळाल्या. इनामगावची आठवण यावी अशाच. पण अंगावर साप वळवळणाऱ्या, फोडांनी भरलेल्या, गुडघे टेकून बसलेल्या त्या मालीच्या बहुसंख्य मूर्ती चोरट्यांनी रात्री खणून परदेशी विकल्या. ती गुडघे टेकलेली बाई कुणाच्या उंबऱ्याशी होती, आजाऱ्याच्या उशाशी होती की थडग्यात, ते कायमचं गेलं. नोकचंही तेच झालं. फ्रान्सने लूव्हरसाठी नोकच्या मूर्ती विकत घेतल्या आणि त्यांची मालकी नायजेरियाची आहे हे पुढे मान्य करावं लागलं, तरी ज्या खड्ड्यातून त्या निघाल्या तो खड्डा परत मिळत नाही. याचा राग यायला हवा. पावसाने वर आलेली खापरं आपल्याकडेही कुणी कुणी पिशवीत घालून नेतो, आणि त्याचाही राग यायला हवा.

संध्याकाळी गोरोबाकाकांच्या देवळात एक वयस्क वारकरी भेटले. बुक्का लावून त्यांनी कुठून आलात विचारलं. करमाळा, मावशींचे बैल, इनामगाव असं सांगता सांगता अजालाची गोष्टही मी त्यांना सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मग तो थापटणं मारून बघत न्हवता व्हय? का आपलं कुणी उचललं की दिलं?"

मी सांगितलं की नाही, तो बघत नाही, निवडणाऱ्यानेच बघायचं. पण पृथ्वीवर आल्यावर आपलं डोकं कसं निघालं हे जाणून घ्यायला ते लोक जाणत्याकडे जातात. त्याला बाबालावो म्हणतात. तो इफा नावाचा दैवी कौल घेऊन सांगतो की तुझ्या डोक्याला काय हवं, कुठली पूजा राहिली आहे, कुणाशी कसं वागायचं. मग माणूस आपल्या डोक्याला नैवेद्य दाखवतो.

"म्हणजे हाय कुणीतरी," ते म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मग उपरणं नीट करून, भिंतीला टेकून, ते मला नामदेव तिथून उठून विसोबा खेचरांकडे कसे गेले ते पहिल्यापासून सांगू लागले.